दसऱ्याचा डोह

नदी मोजायला सरकार पगार देतं, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. मुलगी देताना त्यांनी मध्यस्थाला तीनतीनदा विचारलं, "पण माणूस करतो काय?" मध्यस्थ म्हणाला, "पाण्याजवळ उभा राहतो आणि लिहितो." सासरे त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत म्हणे. पण घर मेहकराकडचं, ओळखीतलं आणि नोकरी पेन्शनची, म्हणून लग्न झालं.

खात्यातले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं तेव्हा मलाही सासऱ्यांचा प्रश्न पडला. सगळी नोकरी मी पूर्णेच्या काठी उभा राहिलो आणि लिहिलं. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत.

काम असं. काठाला दगडी पायऱ्या बांधून त्यात एक लोखंडी पट्टी उभी केलेली असते. तिच्यावर फुटांच्या रेघा, आणि प्रत्येक फुटाचे दहा भाग. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, पाणी कोणत्या रेघेला टेकलं ते वाचायचं आणि नोंदवहीत उतरवायचं. पावसाळ्यात दर तासाला. आठवड्यातून एकदा वेग मोजायचा. त्यासाठी काठावर दोन खुंट्या ठोकलेल्या. वरच्या अंगाला लाकडी ठोकळा पाण्यात सोडायचा आणि पहिल्या खुंटीपासून दुसरीपर्यंत जायला तो किती सेकंद घेतो ते घड्याळावर पाहायचं. झालं. एवढ्यावर धरणं बांधतात, पूल बांधतात. आकडा चुकला तर पूल चुकतो, म्हणून मी कधी घरी बसून आकडा लिहिला नाही. याचा मला अजून ताठा आहे.

लोक मला पाणीमास्तर म्हणत. आमच्या धंद्यालाही गिऱ्हाईकं असतात. एका ज्येष्ठात अवकाळी पूर आला तेव्हा नवरदेवाचा बाप धावत आला. "मास्तर, मंगळवारी वऱ्हाड आनाचं हाये पलीकडून. दोन फूट उतरवून द्या."

"अहो, मी उतरवत नाही. मी नुसतं वाचतो."

"मंग कमी वाचा ना!"

एकदा खामगावहून तपासणीला साहेब आले. चार दिवस एकच आकडा पाहून त्यांनी भुवया चढवल्या. घरी बसून लिहिता का, म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, चार दिवस नदीच घरी बसली आहे." साहेब हसले नाहीत.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही. मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट.

नदी हीच गावाची शीव. दसऱ्याचं सीमोल्लंघन बाकीची गावं वेशीबाहेर जाऊन करतात, इथे ते पोहून करत. तिसऱ्या प्रहरी गावातले पट्टीचे पोहणारे घाटावरून डोहात उतरायचे, पलीकडच्या काठावर आपट्याच्या फांद्या तोडायचे, त्या डोक्याच्या फेट्यात खोवून परत यायचे. ते सोनं आधी मारुतीला, मग गावाला. थोडं वर गेलं की उतार होता, तिथून गुडघाभर पाण्यातून चालत जाता आलं असतं. पण चालत आणलेलं सोनं मारुती घेत नाही, अशी समजूत.

रिवाज दोन होते. सगळ्यात तयार पोहणाऱ्यानं जाता-येता सगळ्यांच्या मागे राहायचं. आणि त्या दिवशी घाटावर पाण्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. कोणी नुसतं "सांभाळून" म्हटलं तरी म्हातारे डोळे वटारत. बोलायची परवानगी एकट्या मला. "मास्तर, किती?" असं विचारायचे आणि मी फूट सांगायचो. नऊच्या खाली असलं तर उतरायचे, वर असलं तर नाही. बाहेरगावच्या माणसाला गावानं दिलेला हा मान होता आणि मी तो मिरवतही असे.

डोहाच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाची कड पाण्यात उतरलेली होती. तिला नुसतं कडी म्हणत. तिथे गुरं पाण्यावर नेत नसत. का, ते कोणी सांगत नसे. पाण्यात राहणाऱ्या त्या जनावराचं नावच काठावर घेत नसत. 'थे' म्हणत, म्हणजे ते. मला नाव घ्यायला हरकत नाही. मगर. पण इतक्या वर्षांनी लिहितानाही हात थांबतो.

मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मुळाच्या दोन गाठी वाटल्या. सकाळी आठला पायरीवर उतरलो, घोटाभर पाण्यात उभं राहून आकडा वाचला, लिहिला, मान वर केली. गाठी जागेवर होत्या. दुसऱ्या दिवशी वाचताना त्या कडीजवळ होत्या. लिहून मान वर केली तर दोन हात अलीकडे. पाण्यावर ओरखडा नाही, लाट नाही, आवाज नाही. मोजण्याची खोड लागलेला माणूस मी, अंतर माझ्या डोळ्यांत बसतं. आठवडाभरानं त्या गाठी पट्टीपासून वीस हातांवर थांबायला लागल्या. मग पंधरा. तिथून पुढे येत नव्हत्या.

एक दिवस मुद्दाम साडेसातला गेलो. पाणी कोरं होतं. पायरीवर बसून राहिलो. आठला नेहमीसारखा उठून खाली उतरलो, आणि पंधरा हातांवर पाणी हळूच वर आलं. बाराला ते नसे, सहाला नसे. त्याला माझं आठचं वेळापत्रक ठाऊक झालं होतं.

 तेव्हा मला काय वाटलं असेल? मला ती सोबत वाटली. इतके दिवस काही केलं नाही म्हणजे करणार नाही, असा हिशेब मी केला. रोज तीच वेळ, तीच जागा. नियमित गोष्टीवर विश्वास टाकायचा, हीच तर माझी नोकरी. ते मला शिकून घेत होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यातून वेळ बदलण्याचीही सोय नव्हती, नोंदवहीत आठ म्हणजे आठ.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी वेग मोजायला ठोकळा सोडला. पाणी शांत होतं. ठोकळा पहिली खुंटी ओलांडून चालला होता, मध्येच थांबला. मग वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट, हातभर सरकला. आणि खाली गेला. बुडबुडा नाही. मी घड्याळ हातात धरून उभा, सेकंदकाटा फिरतो आहे, ठोकळा वर येत नाही. शेऱ्यात लिहिलं, "ठोकळा हरवला." तीन दिवसांनी तो पट्टीच्या पायरीशी चिखलात मिळाला. त्यावर खोल भोकांच्या दोन रांगा होत्या. शेजारी चिखलात मधोमध गुळगुळीत ओढ आणि दोन्ही अंगांना पंजे. ज्या पायरीवर मी उभा राहतो त्याच पायरीपर्यंत.

मी सुखदेवला बोलावून आणलं. सुखदेव माझ्या वयाचा, वांगी-मिरचीची वाडी करायचा, माल खामगावच्या बाजारात न्यायचा. गावातला सगळ्यात तयार पोहणारा तोच, आणि माझा एकुलता मित्र. तो उकिडवा बसला आणि चिखलावर बोट टेकवलं.

"आजचीच हाये," म्हणाला. "दोन सालापासून हाये थे, मास्तर. म्या पाह्यलं. त्यानं बी मले पाह्यलं."

"मग गावात सांगितलं का नाहीस?"

"काऊन सांगू? सांगतलं का दसरा बंद. म्हतारे लोकं तं सालभर दसऱ्याचीच वाट पाहून राह्यले."

"आणि कोणाला काही झालं तर?"

"कडीच्या अंगानं मी राह्यतो ना. सगळ्यायच्या मांगून. तिकडं कोणाले जाऊच देत नाई. तुमी दसऱ्याले फक्त फूट सांगा, दुसरं काई नाई. शब्द द्या."

"तुला भीती वाटत नाही?"

तो हसला. "वाटते ना! लय वाटते. सालभर मी वाफ्यायले पानी देतो, बाजारात भावासाठी भांडतो, तठी काई वाटत नाई. डोहात मधात गेलो का वरतं आभाळ अन् खालतं थे. त्या वक्ताले मले माहीत असते का मी हावो. घरी येऊन जेवाले बसलो का भाकर अशी लागते मास्तर, का काय सांगू."

मी शब्द दिला. मित्र म्हणून दिला, हे खरं. पण मला त्याचा हेवा वाटला, हेही खरं. मी काठावर उभा राहून लिहिणारा माणूस. तो ज्याबद्दल बोलत होता ते मला कधी झालं नव्हतं. बाकीच्या दहा जणांना विचारलं पाहिजे, त्यांचा जीव तो परस्पर पणाला लावतो आहे, हे त्याला बोलण्याऐवजी मी मान डोलावली. याची लाज मला अजून वाटते.

दसऱ्याला गाव घाटावर जमलं. "मास्तर, किती?" मी म्हटलं, "सहा फूट आठ." सगळ्यांनी जयजयकार केला. अकरा जण उतरले. सुखदेवची बायको, अनसूया वहिनी, दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन वरच्या पायरीवर उभी होती.

जाताना काही झालं नाही. पलीकडून फांद्या घेऊन निघाले, अकरा डोकी, अकरा हिरवे फेटे. सुखदेव शेवटी, कडीच्या अंगाला, कबूल केल्याप्रमाणे. मधोमध आल्यावर तो थांबला. उजवा हात वर केला. घाटावरच्या बाया म्हणाल्या, आपल्याला हाक मारतो आहे. कोणी तरी उलट हात हलवला. मग तो हात तसाच सरळ खाली गेला. ओरडणं नाही, झटापट नाही. पाणी मिटलं आणि सपाट झालं. आपट्याची एक फांदी तिथे गोल फिरत राहिली. पुढचे दहा जण हसत, दम टाकत पायऱ्या चढले. मागे काय झालं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी एकटा वर, प्रवाहाच्या उलट्या दिशेला पाहत होतो. ठोकळा तिकडे सरकला होता. आणि तिथेच सुखदेव एकदा वर आला, पाठीवर, डोळे उघडे. मग आला नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला. अधिक लिहीत नाही.

गाव पेटलं. परवान्याची बंदूक असलेला एक शिकारी आणला. चार दिवस बसून त्यानं एक मगर मारली आणि घाटावर आणून तिचं पोट फाडलं. सगळं गाव बघायला जमलेलं. आत गोटे निघाले आणि शेळीच्या गळ्यातली एक घंटा. माणसाचं काही नाही. जनावर लहानच होतं. शिकारी कातडं घेऊन गेला, लोक म्हणाले, मिटलं. दुसऱ्या दिवशी आठला मी पायरीवर उतरलो. आकडा लिहिला, मान वर केली. पंधरा हातांवर दोन गाठी होत्या. पाटलांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, आता लोकायले झोपू द्या."

तेराव्यानंतर अनसूया वहिनी घाटावर आली. सोबत सासरा आणि भावकीतली दहा-पंधरा माणसं. मी बाराचा आकडा लिहीत होतो.

"मास्तर, तुमी रोज अठी उभे राह्यता. तुमाले दिसलं नाई?"

मी नोंदवही मिटली.

"अन् यायले माहीत व्हतं का? एवढंच सांगा. माहीत असून गेले का?"

तिच्या कडेवर पोर होतं, ते माझ्या टोपीकडे पाहत होतं. हो म्हटलं असतं तर नवऱ्यानं आपल्यापेक्षा, या पोरापेक्षा डोह निवडला, हे घेऊन ती जन्म काढणार. मी म्हटलं, "नाही. त्याला माहीत नव्हतं. मी पाहिलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

सासरा पुढे आला आणि माझ्या पायाशी थुंकला. बाकी कोणी काही केलं नाही. वहिनी पदर ओढून घेऊन पायऱ्या चढून गेली.

मग पंधरा वर्षं. गवळ्यानं दूध बंद केलं, ते बायको पलीकडच्या वस्तीवरून आणायची. बदली मागता आली असती, साहेब द्यायला तयार होते. मी मागितली नाही. पट्टी सोडून गेलो तर खरंच पळालो असं होईल, असं काही तरी डोक्यात होतं. दसऱ्याचं पोहणं बंद पडेल असं वाटलं होतं, पण पुढच्याच वर्षी नऊ जण उतरले. मला विचारणं मात्र बंद झालं. आदल्या दिवशी एक जण येऊन पट्टी स्वतः पाहून जायचा. त्याला दहावे भाग वाचता येत नसत, मला दुरून दिसायचं, पण मी बोलत नव्हतो. कोणाला काही झालं नाही. कधी एक बकरी जायची, कधी कुत्रा. आणि सकाळी आठला मी पायरीवर उतरलो की पाणी हळूच वर यायचं. गावात मला वेळेवर भेटणारं तेवढंच उरलं होतं. हे वाक्य लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

मधल्या काळात फूट जाऊन मीटर आले, पट्टी बदलली. पंधराव्या दसऱ्याला सकाळी आठला मी वाचत होतो आणि मागून आवाज आला.

"मास्तर, वरतं या. पाण्यातून निंघा."

अनसूया वहिनी होती. केस पांढरे झालेले. मी वर आलो.

"आज रामेश्वर पोहाले जाते," ती म्हणाली. रामेश्वर म्हणजे तेच कडेवरचं पोर, आता सतरा वर्षांचं. "लय सांगतलं, ऐकत नाई. म्हणते, बाप गेला मी बी जातो. मले खरं सांगा. पाण्यात काय हाये?"

"वहिनी, माझ्यावर विश्वास ठेवणार तुम्ही?"

ती खाली पायरीवर बसली. "मास्तर, यायले माहीत व्हतं. मले बी माहीत व्हतं. चिखलातली खूण पाहून आले त्याच संध्याकाळी मले सांगतलं त्याइनं. सगळं सांगतलं, तुमी शब्द देल्ला थे बी."

मी तिच्यासमोर बसलो.

"म्या अडवलं नाई. हसून म्हटलं, जा, मारुतीचं सोनं हाये. मंग तुमाले लोकायसमोर इचारलं. तुमी खरं सांगसान, अन् लोकं यायलेच दोष देतीन, मले कोणी इचारणार नाई, असं वाटलं व्हतं. तुमी खोटं बोलले. अन् म्या ऐकून घेतलं. तुमच्यावर पडलं म्हणून मले जगता आलं, भाऊ. सासऱ्यानं मरेपर्यंत तुमालेच शिव्या देल्ल्या, मी गप राह्यली."

पंधरा वर्षं तिनं मला पुढे करून काढली होती. राग यायला हवा होता, आणि आलाही. दुधाचं भांडं घेऊन उन्हात जाणारी बायको डोळ्यांपुढे आली.  पण मी नुसतं पाण्याकडे बोट केलं. पंधरा हातांवर दोन गाठी होत्या. तिनं पाहिलं. किती तरी वेळ ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि ते तिच्याकडे.

"हे घाटावर सांगा," ती उठत म्हणाली. "सगळ्यायले."

"आज दसरा आहे. ऐकून घेणार नाहीत."

"मी उभी राह्यतो तुमच्याजवळ."

तिसऱ्या प्रहरी मी घाटावर गेलो. कोणी विचारलं नव्हतं. मी मीटरचे फूट करून मोठ्यानं म्हटलं, "सात फूट चार." आणि मग म्हटलं, "कडीजवळ मगर आहे. मोठी आहे. आज सकाळी मी पाहिली, वहिनींनी पाहिली. सुखदेवला माहीत होतं. मलाही होतं. तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतो."

 एक म्हातारा माझ्या अंगावर धावला, वहिनी मध्ये उभी राहिली. दहा पोहणाऱ्यांपैकी चौघांनी सदरे परत अंगात घातले. त्यांना कोणी हसलं नाही. सहा जण तिथेच उभे राहिले, रामेश्वर त्यांच्यात. तो आईकडे पाहत होता.

ती म्हणाली, "मांगं राहू नको. सगळे एकाजागी राह्यजा."

ते उतरले, अंगाला अंग लावून, कडीपासून लांबचा वळसा घेत. मागे कोणी राहिलं नाही, रिवाज त्या दिवशी मोडला. मी कडीकडे पाहत होतो. त्यांच्याबरोबर पाण्याचा एक पट्टा सरकत होता, सपाट, तेल सांडल्यासारखा, त्यांच्या वेगानं. तो मधोमधपर्यंत गेला, तिथे थांबला, आणि ते परत येईपर्यंत तिथेच राहिला.  मला सहा डोकी दिसत होती आणि मी ती पुन्हा पुन्हा मोजत होतो.

रामेश्वर पायरीला लागला तेव्हा वहिनी गुडघाभर पाण्यात उतरली. त्याचा दंड धरून त्याला ओढून बाहेर काढलं आणि सगळ्या गावासमोर अशी थोबाडीत दिली की डोक्यावरची फांदी खाली पडली. पोर हसत होतं आणि थरथरत होतं. ती त्याला धरून रडली.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "मास्तर, पुढच्या साली बी असंच सांगजा."

मी हो म्हटलं. रिटायर होईपर्यंत दर दसऱ्याला सांगत आलो.